उलटे आटे

बँकेतल्या कारकुनाने फॉर्म भरताना एकदा त्याला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, आडनाव उलटआटे लिहू की उलटाटे. यात कारकुनाचा तरी काय दोष? अख्खा रस्ता त्याला त्याच नावाने हाक मारायचा. खरं तर ती टिंगल होती, आणि करणाऱ्यांनी ती बरोब्बर शोधून काढली होती.

जुन्या जड पिकअपला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. एरवी नट उजवीकडे फिरवला की आवळतो. हा डावीकडे फिरवावा लागतो. ज्याला ठाऊक नाही तो घाम गाळत, शिव्या देत आवळत बसतो आणि नट सुटत जातो. या टायरवाल्याचंही तसंच होतं. कुणी आरडाओरडा केला तर हा हसायचा, आणि कुणी खांद्यावर हात ठेवून शांत हो म्हणालं की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. समजूत घालायला गेलेल्या निम्म्या लोकांनी त्याचा मार खाल्ला होता.

माराचं बाळकडू त्याला घरातच मिळालं. बापही टायरवाला. दोन्ही मुलांना तो ट्यूबच्या पट्टीने फोडून काढायचा, आणि कशासाठी ते सांगायची त्याची रीत नव्हती. थोरला हा; त्याने तीच विद्या पुढे धाकट्यावर चालवली. बाविसाव्या वर्षी, धाकट्याने न विचारता त्याच्या नव्या चपला घालून नेल्या एवढ्यावरून, त्याने हातातला चाकाचा पाना धाकट्याच्या खांद्यावर हाणला. गळ्याजवळचं हाड वाळक्या काटकीसारखं मोडलं. तो आवाज थोरल्याच्या कानातून पुढे कधी गेला नाही. त्या दिवसापासून त्याने नियम केला: पाना हातात असताना कुणाला मारायचं नाही, मारायचं तर आधी पाना खाली ठेवायचा. मारणंच सोडावं हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. रस्त्यावरच्या लोकांनाही नियम पाठ झाला होता. याने पाना जमिनीवर ठेवला की बघे आपोआप दोन पावलं मागे सरकत.

त्यानंतर चार वर्षांनी बाप गेला. जुन्या रिमवर टायर अडवून धरणारी एक लोखंडी कडी असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर उडते, आणि उडाली की समोर काय आहे ते बघत नाही. त्या दिवशी कडी तिरकी बसली होती. थोरला हवेच्या नळीपाशी होता, बाप वाकून हातोड्याने कडी ठोकत होता. "भर अजून," बाप म्हणाला. थोरल्याने भरली. कडी सुटली ती बापाच्या कपाळात शिरली. छपराच्या पत्र्यावर जे उडालं होतं ते थोरल्याने स्वतः शिडी लावून धुतलं.

मग तो भेटेल त्याला सांगत सुटला, की बाबाच म्हणाले भर अजून. पोलिसांनी लिहून घेतलं, शेजाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि विश्वास कुणीच ठेवला नाही. बापाचा मार खाऊन वाढलेला, डोकं फिरलेला पोरगा; लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. आईने तर शेवटच्या आजारपणात त्याच्या हातून औषधाची गोळीसुद्धा घेतली नाही. धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि दुकानाच्या दारातच उभा होता, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला. थोरल्याला वीस वर्षं एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी एकाने म्हणावं, की हो, बाप तसं म्हणाला होता.

धाकट्याने पुढे जुना पिकअप घेतला, मागे जोडचाकांचा, एकूण सहा टायरचा. घरं बांधणाऱ्यांना फरशा पोचवायच्या. गाडी त्याची, पण चाकं थोरल्याची. भर रस्त्यात पंक्चर झालं की धाकटा फोन करायचा आणि थोरला मोटरसायकलवर जॅक बांधून हजर व्हायचा. सहा वर्षांत धाकट्याने एक नट स्वतःच्या हाताने खोलला नव्हता. दोघांत प्रेम होतं असं म्हणवत नाही, पण येणं कधी चुकलं नाही.

भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं, आणि ते सहा वर्षं चाललं. थोरल्याचं म्हणणं, दर दहा हजार किलोमीटरला टायर फिरवायचे, म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे. वळणं घेऊन पुढच्यांच्या कडा झिजतात, ओझ्याने मागचे मधून झिजतात. जागा बदलल्या तर सगळे सारखे झिजतील. धाकटा म्हणायचा, टायर रस्त्यावर फिरतात तेवढं पुरे आहे. सहा चाकं खोलायची म्हणजे अर्धा दिवस गाडी उभी, आणि शेवटी काय, तर दोन टायरांना आज टक्कल पडायचं ते सहाच्या सहांना एकदम पडणार. खरं सांगायचं तर दोघंही थोडे थोडे बरोबर होते, आणि अशी भांडणंच मिटत नाहीत.

त्या दिवशी सकाळी मात्र धाकटा स्वतःहून गाडी घेऊन आला, आणि आल्याबरोबर कुरकुर सुरू केली. थोरल्याने सहाही चाकं उतरवली. डाव्या जोडीतल्या आतल्या टायरला बोटभर चीर पडली होती, आतली तार दिसत होती. दोन चाकांच्या मध्ये अडकलेल्या दगडाने ते केलं होतं. थोरल्याने दगड काढून दाखवला, त्या जागी जादाचा टायर चढवला आणि विचारलं, चाक उतरवलं नसतं तर हे दिसलं असतं का. त्याच्या आवाजात जरा फुशारकी होती. असणारच, सहा वर्षांनी पुरावा सापडला होता.

गाडी जॅकवरून खाली आली. आता शेवटची आवळणी, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून, सगळं वजन टाकून करायची. उजवीकडची दोन्ही ठिकाणं झाली. थोरला डाव्या पुढच्या चाकाशी बसला. धाकटा डोक्यावर उभा राहून बोलतच होता. चीर तूच पहारीने पाडली असशील, तुझं खरं करायला, असंही म्हणाला. थोरला हसला. त्या हसण्याने धाकटा पेटला.

"बापाला हवा भरून मारणाऱ्याने मला टायरचं ज्ञान शिकवू नये," तो म्हणाला.

वीस वर्षांत हे शब्द त्याने कधी तोंडातून काढले नव्हते. थोरल्याने चाकाचा शेवटचा नट आवळला. पाना, पाइपसकट, त्या चाकाशेजारी जमिनीवर हळूच ठेवला. मग उठला आणि धाकट्याच्या नाकावर मूठ घातली.

नाक फुटलं. धाकट्याने रक्त पुसलंही नाही, थोरल्याचे केस धरले आणि त्याचं डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा, भुवई फाटेपर्यंत. थोरल्याने त्याच्या मनगटाला दात लावले आणि तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. दोघं ग्रीसमध्ये लोळले. धाकट्याचा गुडघा बरगड्यांत बसला, थोरल्याचे अंगठे धाकट्याच्या गळ्यावर पोचले, आणि ते तिथून निघणार नव्हते. शेवटी थोरल्याची बायको आतून आली आणि पंक्चर बघायच्या टबातलं काळं पाणी तिने दोघांवर ओतलं. कुत्री सोडवावी तसं. तिने असं पूर्वीही केलं होतं.

धाकटा थुंकला, त्यात दात होता. या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

थोरला स्टुलावर बसला. बायको भुवईवर फडकं दाबत होती आणि दोन्ही भावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अर्धा तास गेला असेल. मग त्याची नजर जमिनीवर गेली. गाडी उभी होती ती जागा रिकामी होती आणि पाना पाइपसकट तिथेच पडला होता, डावं पुढचं चाक होतं तिथे. मागच्या चाकापाशी नाही. डावी जोडी राहिली होती. तिचे आठ नट नुसते बोटांनी फिरवून लावलेले होते.

त्याने फोन केला; धाकट्याने कापला. पुन्हा केला तर बंद. धाकटा आता गोदामात फरशा भरून निघाला असणार, आणि गोदामाच्या पुढे दीड किलोमीटरचा उतार, उताराच्या पायथ्याशी बाजार. बाप आपल्या हातून गेला, आता हाही जाणार, आणि या वेळी भर म्हणणारं कुणी नव्हतं. त्याने पाना उचलला, मोटरसायकलच्या टाकीवर आडवा धरला आणि निघाला.

गोदामाच्या पुढच्या वळणावर पिकअप दिसला, फरशांनी लादलेला. मागचं डावं चाक दारुड्यासारखं झुलत होतं. थोरल्याने हॉर्न वाजवला, हात केले, ओरडला. आरशात धाकट्याला काय दिसलं? भाऊ येतोय, तोंड रक्ताने माखलेलं, आणि हातात पाना. ज्या माणसाने चोवीस वर्षं पाना खाली ठेवल्याशिवाय कुणाला मारलं नव्हतं, तो आज पाना घेऊन येत होता. धाकट्याचा हात खांद्याच्या हाडाकडे गेला. त्याने गाडी पळवली.

थोरला जवळ आला तसा धाकट्याने गाडी त्याच्या अंगावर घातली. मोटरसायकल खडीवर गेली, घसरली, सावरली. याने पुन्हा गाठलं, त्याने पुन्हा दाबलं. आरसा तुटला, गुडघा पत्र्याला घासून सोलला. एक लोखंडी नट उडून याच्या कानाजवळून गेला आणि गटारात पडला. उताराच्या तोंडाशी गतिरोधक होता, तिथे धाकट्याला वेग कमी करावा लागला. थोरला कडेच्या मातीतून पुढे घुसला, मोटरसायकल रस्त्यात आडवी टाकली आणि उभा राहिला. गाडी थांबेना. मग त्याने दोन्ही हातांनी पाना फिरवून समोरच्या काचेवर फेकला.

काच चाळणीसारखी होऊन आत पडली. ब्रेक लागले. गाडीने मोटरसायकल चिरडत दहा हात फरफटत नेली आणि उतारावर उतरायच्या आत थांबली.

धाकटा खाली उतरला तो जॅकचा दांडा घेऊनच. पहिला घाव थोरल्याने उजव्या मनगटावर झेलला, आणि मनगट मोडलं. दुसरा पाठीवर बसला. थोरल्याने हात उचलला नाही. गुडघ्यांवर सरकत तो मागच्या डाव्या चाकाकडे जाऊ लागला, आणि धाकटा त्याच्यामागे चालत मारत राहिला. चोवीस वर्षांचं मारत होता.

"मार," थोरला म्हणाला. "पण आधी आवळू दे."

धाकट्याला ते कळलंच नाही, आणखी एक घाव बसला. थोरल्याने डावा हात चाकावर नेला. आठातले तीन नट जागेवर नव्हते. चौथा त्याने दोन बोटांनी फिरवला, तो अलगद सुटून तळहातावर आला. त्याने हात पुढे केला. धाकट्याने नटाकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग खालच्या उताराकडे आणि बाजाराकडे. दांडा त्याच्या हातातून गळून पडला.

थोरल्याचं मनगट चालत नव्हतं. म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदा धाकट्याने गाडीत पडलेल्या काचांतून पाना काढून हातात घेतला. उरलेला पहिला नट त्याने सगळा जोर लावून उजवीकडे फिरवला.

"उलटं," थोरला म्हणाला.

धाकट्याने आणखी जोर लावला. नट आणखी सुटला.

"उलटं फिरव. डावीकडचे आटे उलटे असतात."

धाकट्याने उलटं फिरवलं आणि नट आवळत गेला. पहिल्यानंतर समोरचा, मग त्याच्या आडवा, थोरला बोटाने दाखवत होता. पाच नटांवर गाडी दुकानापर्यंत रिकामी नेता येईल, फरशा इथेच उतरवाव्या लागतील, असं त्याने सांगितलं. धाकटा रडत होता. फुटक्या नाकातून रडताना माणसाला शिट्टीसारखा आवाज येतो. चौथा नट आवळून त्याने पाना तसाच धरून ठेवला.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "भर अजून म्हणाले होते बाबा. नीट ऐकलं होतं मी."

थोरल्याने नट दाखवणारं बोट मागे घेतलं.

"तू माझं हाड मोडलं होतंस ना. म्हटलं, राहू दे याला असंच."

थोरल्याच्या अंगात मार भिनला होता, तरी डावी मूठ आपोआप वळली. वीस वर्षं. आई जिवंत असताना हे एक वाक्य निघालं असतं, तर तिने गोळी त्याच्या हातून घेतली असती. पाना धाकट्याच्या हातात होता आणि याचे हात मोकळे होते. नियमाने आता मारायला काहीच हरकत नव्हती. मूठ तशीच राहिली. मग सुटली, आणि तो रस्त्याच्या कडेला बसून मोठ्याने रडला. लोक गोळा झाले. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शांत हो म्हणालं. त्याने तो हात झटकला नाही.

"एक राहिला," तो थोड्या वेळाने धाकट्याला म्हणाला. धाकटा पाचव्या नटाकडे वळला आणि न विचारता उलटं फिरवू लागला.