खसखशीची पुडी

सिंगापूरच्या सहलीला यायला आईनं एकच अट घातली होती. मसाला घरचा पाहिजे. सहलीबरोबर आचारी असणार होता, पण दुसऱ्याच्या मसाल्याचा रस्सा तिच्या घशाखाली उतरत नसे. आम्ही विणकर. आमच्यात रस्सा झणझणीत नसेल तर जेवण झालं असं कोणी मानत नाही. दगडफूल, धणे, सुकं खोबरं तिनं भाजून कुटून घेतलं. खसखस मात्र आधी कुटली की खवट होते, म्हणून ती अख्खीच ठेवली. इतवारीच्या बाजारातून आणलेली, दोनशे ग्रॅम, वेगळ्या पुडीत.

आणीबाणी उठून पाच-सहा वर्षं झाली होती. मी त्रेचाळीसचा, आई सदुसष्टची. रामटेकच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. विमानात माणशी वीस किलो सामान चालत असे. निघण्याआधी मी दोन्ही बॅगा काट्यावर ठेवल्या. तिची साडेवीस भरली, म्हणून मसाल्याच्या चारही पुड्या माझ्या बॅगेत घातल्या. मग सवयीप्रमाणे इंग्रजीत यादी केली: वस्तू, वजन, कोणाच्या बॅगेत. खसखशीचा इंग्रजी शब्द मला येत नव्हता. तो ऑफिसातल्या शब्दकोशात पाहिला. अर्थ दिला होता, अफूच्या झाडाचं बी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लिहून टाकला.

मद्रासहून विमान सुटल्यावर भरायला कार्डं आली. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं की अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड. टूर मॅनेजर प्रत्येक रांगेशी थांबून सांगत होता की कोणाजवळ खसखस असेल तर उतरल्यावर स्वतःहून काढून द्या, तिथं ती अफूतच धरतात. दिली तर बहुतेक ठेवून घेतात आणि माणसाला सोडतात. न सांगता सापडली तर मात्र माझ्याकडे येऊ नका, असं म्हणून तो हसला.

बॅग विमानाच्या पोटात होती. दोनशे ग्रॅम. फाशीला किती ग्रॅम लागतात हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची छातीही नव्हती. मी संडासात गेलो, यादीचे बारीक तुकडे केले आणि पाणी सोडलं. दोन तुकडे वर आले. पुन्हा सोडलं. खसखशीपुढच्या तिसऱ्या रकान्यात माझं नाव होतं.

जागेवर येऊन आईला सगळं सांगितलं.

"माय, कोणी काही विचारलं तर तू बोलू नको वं."

"खायची चीज हाय. त्यात लपवाचं काय हाय?"

"मी सांगतो त्यायले."

खरंच सांगणार होतो. रांगेत उभं राहून इंग्रजी वाक्य तीनदा मनात म्हटलंही. आमची पाळी आली. गणवेशातल्या अधिकाऱ्यानं विचारलं, काही सांगण्यासारखं आहे का. माझी मान आपोआप हलली. नाही.

त्यानं माझी बॅग उघडली. पहिल्या तीन पुड्या हुंगून बाजूला ठेवल्या. चौथीचा दोरा सोडून चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक मारली. मग पुडी उचलून धरली आणि विचारलं, कोणाची?

उत्तर मला येत होतं. मी बाजूच्या तीन पुड्या परत बॅगेत ठेवू लागलो.

आईला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. तिनं पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात छातीवर ठेवला. "माझी हाय."

तिला आत नेलं, मागोमाग मॅनेजरही गेला. दार काचेचं होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती खुर्चीच्या कडेला बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सोबतची मंडळी काय झालं म्हणून विचारत होती. मी घड्याळ पाहत होतो. पस्तीस मिनिटं.

मग मॅनेजर एक छापील कागद घेऊन बाहेर आला. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून कागद मी भरायचा होता. पुडी ठेवून घेऊन बहुधा सोडतील, पण साहेबानं अजून पक्कं सांगितलं नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. नाव. वय. पत्ता. बॅग कोणाच्या मालकीची.

तिथं पेन थांबलं. मॅनेजर घाई करत होता. मी आईचं नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हाही ते जराही हललं नाही.

त्याखाली तिनं अंगठा दिला आणि तिला सोडलं.

बसमध्ये ती शाई लागलेला अंगठा लुगड्याच्या काठाला पुसत होती. बाहेरच्या उंच इमारतींकडे तिनं पाहिलं नाही.

"काय लिहिलं गा तू त्या कागदावर?" तिनं विचारलं.

"तुझं नाव आणि वय," मी म्हणालो.