हरणाऱ्या बाई

बालवाडीच्या बाई स्वतः हरल्याशिवाय कुठलाही खेळ मुलांच्या हाती देत नसत. नागपूरहून विकास खात्याची खेळांची पेटी आली की त्या आमच्या शाळेच्या ओसरीवर पट मांडत आणि मला समोर बसवून मन लावून हरत. मी तिथला प्राथमिक शाळेचा मास्तर. त्यांची बालवाडी आणि माझी शाळा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. "जिंकणाऱ्याला कसलाही खेळ चालतो, गुरुजी. रडू कुठं येतं ते हरल्यावरच कळतं," असं त्यांचं म्हणणं. गोंडपिपरीच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या त्या गावानं त्यांचं नाव हरणाऱ्या बाई ठेवलं, आणि त्यांनी ते वाईट वाटून न घेता वापरू दिलं.

पेटीतले खेळ ज्यांनी निवडले होते त्यांनी मुलं पाहिली असावीत, पण लांबून. एका पटावर आगबोटीतून विलायतेला जायचं होतं. धिवरांच्या पोरांनी त्या बोटीतून जाळं सोडलं आणि विलायत विसरून गेली. चित्रं जुळवायच्या खेळात द्राक्षांचा घोस होता. त्याला सगळ्यांनी मोहफुलं म्हटलं. बाईंनी ते बरोबर धरलं. बोट ठेवली, द्राक्षं ठेवली, आणि ज्यात हरलेल्या मुलाला खेळाबाहेर बसावं लागे ते सगळे खेळ पेटीत परत घातले.

सापशिडी मात्र त्यांच्या परीक्षेत उतरली. एकच अडचण होती. छापलेले साप एकमेकांत इतके गुंतले होते की शेपटी शोधता शोधता लहान बोटं मध्येच हरवत आणि मारामाऱ्या होत. बाईंनी नियम सोपा केला : साप चावला की सरळ पहिल्या घरी जायचं आणि सहा पडेपर्यंत तिथं बसायचं. मुलं खूश झाली. त्या पावसाळ्यात दुसरा खेळ कुणी मागितला नाही.

त्याच सुमारास विकास खात्याचे साहेब जीपमधून न उतरता एक बातमी सांगून गेले. नागपूरचे मोठे पाहुणे बालवाडी पाहायला येणार होते. ते खूश झाले तर बाई या गावात कायम. नाही तर सिरोंच्याकडे बदली. पाहुण्यांना सापशिडीच दाखवायची, कारण तिच्या प्रत्येक शिडीखाली एकेक सद्गुण छापलेला होता. साहेबांना सद्गुण छापील आवडत.

पाहुणे यायला थोडे दिवस उरले असताना, भर दुपारी तळ्यावरून एक मुलगी धावत आली. मथीला साप चावला, म्हणाली. मथी म्हणजे काशीबाई धिवरणीची पाच वर्षांची पोर. आम्ही तळ्यावर धावलो. मथी तिथं नव्हती. तिच्या घरी गेलो, तिथंही नव्हती. काशीबाई तळ्याच्या पाळीवरून हाका मारत पळत होती, आणि प्रत्येक हाकेला तिचा आवाज बारीक होत चालला होता.

बाईंनी त्या मुलीला जवळ घेऊन पुन्हा विचारलं : मथी जाताना काय म्हणाली?

"घरी जातो म्हणे."

"कोणत्या घरी?"

"पहिल्या."

एरवी सावकाश चालणाऱ्या बाई पदर खोचून गावाच्या वेशीकडे पळाल्या. तिथं गावातलं पहिलं घर होतं. घरचे सगळे धानाच्या बांधीत गेलेले, दाराला कडी. ओट्यावर मथी बसली होती. पायावरून रक्ताचा ओघळ वाळला होता.

"अवं पोरी, कोणाले सांगतलं काऊन नाई?" मागोमाग पोचलेल्या काशीबाईनं तिला छातीशी घट्ट धरलं.

मथी घाबरून म्हणाली, "मले सहा पडाचे हायेत."

बैलगाडी जुंपायला माणसं धावली. दवाखाना फार लांब होता. बाईंनी मथीचा पाय मांडीवर घेतला आणि तो हलू दिला नाही. मग मथीचा बाप तळ्यावरून जाळंच घेऊन आला. साप त्यात अडकलेला होता. पाणदिवड. विष नसलेली. काशीबाई आधी हसली, मग रडली, आणि मग बाईंकडे वळली.

"बाई, हा खेळ तुमीच शिकोला ना?"

"हो," बाई म्हणाल्या. सरकारी माणसाकडून इतकं छोटं उत्तर मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पट जाळून टाका, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "पट जळेल, पण नियम मुलांच्या डोक्यात आहे. तो घेऊनच ती तळ्यावर जाणार." दुसऱ्या दिवसापासून नियम उलटा झाला. साप चावला की जागचं हलायचं नाही. ओरडायचं. बाकीच्यांनी फासा तिथंच सोडून मोठ्या माणसांना आणायचं.

साहेबांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच जीपमधून उतरले. पाहुण्यांसमोर खेळ छापील नियमानंच होईल, नंतर काय करायचं ते करा, असं बजावून गेले. बाई म्हणाल्या, पाहू.

पाहुणे आले, हार घालून शाळेतल्या एकुलत्या खुर्चीवर बसले, आणि निर्भय पिढीविषयी बोलू लागले. इकडे मथीची सोंगटी नेमकी सापाच्या तोंडात गेली. साहेब बाईंकडे डोळे वटारून पाहत होते. मथीही बाईंकडेच पाहत होती. बाईंनी नुसतं विचारलं, "आता काय करायचं, मथे?"

मथी मांडी घालून घट्ट बसली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "साप चावला वो!" बाकीची पोरं बोंबलत बाहेर पळाली. बांधीतून माणसं काठ्या घेऊन आली. सगळ्यांच्या पुढे काशीबाई. तोवर निर्भय पिढीचे पुरस्कर्ते दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले होते.

बदलीचा हुकूम लगेच आला. बाईंच्या गाडीपाशी काशीबाई वाळवलेल्या मासळीचं पुडकं घेऊन उभी होती. बाई मासळी खात नसत. त्यांनी पुडकं घेतलं, मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून गेल्या.

नव्या बाई हुशार होत्या. पेटीच्या झाकणावरचे नियम त्यांनी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवले आणि एका पोराची सोंगटी सापाच्या तोंडातून शेपटीकडे सरकवली. भिंतीपलीकडून मला मथीचा आवाज ऐकू आला.

"खाली नाई जाचं, बाई. तिथीच बसाचं. आमी मानसं घेऊन येतो."