पुंजाजी ग्रेडरच्या खिशातली चिठ्ठी

अकोटच्या जिनिंगमध्ये पुंजाजींनी तीस वर्षं कापसाची प्रत पाहिली. गाडी आली की बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळातला कापूस ओढून काढायचे. वर पांढराशुभ्र, खाली पाणी मारलेला, ही चलाखी त्यांच्यापुढे कधी चालली नाही. अशा माणसानं म्हातारपणी तीच चलाखी स्वतः करावी, म्हणजे कमालच म्हणायची!

झालं असं, की बायको दुर्गाबाई दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलणं बंद, आता जेवणही सुटलेलं. अकोटच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. पुंजाजींनी तिची घडी घालून आतल्या खिशात दडवली आणि बायकोला अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आणून सांगितलं, "अशक्तपणा हाये." मुलगा स्वप्निल पुण्यात नोकरीला, त्याच्या विम्यात आईबाप होते. पण विमा कंपनीनं कागद परत पाठवले. तपासण्या ठीक आहेत, मग भरती कशासाठी? आता उपाशी बाईला तशीच घरी न्यायची वेळ आली.

दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवर ज्योत्स्ना नावाची पोरगी बसायची. तिनं विचारलं, "बाबा, आधी कोणाले दाखोलं होतं?"

पुंजाजींनी मागं पाहिलं. रांगेत त्यांच्याच गावचे जानराव उभे. पुंजाजी खिडकीत वाकून कुजबुजले, "येड्याच्या डॉक्टरकडं जा म्हणे. नाव लागलं तर विमा जाईन, गावात तोंड दाखवता येनार नाई."

"विमा काहून जाईन? मनाच्या आजाराले शरीराच्या आजारासारखाच विमा द्या, असा कायदाच हाये. भरतीचा खर्च भेटते. नुसतं बोलाले येनं-जानं असलं तर मात्र पॉलिसी पाहा लागते." तिचा आवाज काही खाली येईना. "आन येड्याचा डॉक्टर कोन असते? तपासून गोळ्या देते, भरती करते, ते मानसोपचारतज्ज्ञ. चाचन्या घेते, बोलून-बोलून गाठ सोडवते, ते मानसशास्त्रज्ञ. आन तुमच्यासारख्या घरच्यायले समजावून धीर देते, ते समुपदेशक."

पुंजाजी थक्क झाले. एका मनामागं एवढी माणसं! एकाच कापसाला वेचणारी वेगळी, ग्रेडर वेगळा, जिनवाला वेगळा, हे त्यांना पाठ होतं; पण मनाचंही असंच असतं हे सत्तरीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आणि हे सगळं या एवढ्याशा पोरीला ठाऊक!

"तुमी काय काम करत होते, बाबा?"

"कापसाचा ग्रेडर."

"मंग वरूनच पाहून भाव देत होते काय?"

पुंजाजींचा हात आतल्या खिशात गेला, अगदी तळापर्यंत, आणि चुरगळलेली चिठ्ठी घेऊन बाहेर आला. ती खिडकीत ठेवून ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले, "माह्या बायकोचं मन बिमार हाये. मी लपवलं होतं."

जानरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

खिडकीजवळच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दुर्गाबाई हळूच वळल्या. दोन महिन्यांनी त्यांचा आवाज निघाला.

"मले वाटलं, तुमाले दिसूनच नाई राहिलं."