पडद्याआडची सोनीबाई

गावानं सोनीबाईचा सत्कार केला तो २००७ साली. तोवर तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. शाल, नारळ आणि जत्रा कमिटीच्या भिमाजींचं भाषण: "सोनीबाईंच्या कलेचा गावाला अभिमान आहे." हा अभिमान गावानं इतकी वर्षं फार जपून ठेवला होता. कुणाला दिसू दिला नव्हता.

सोनीबाई आमच्याच घोड नदीकाठच्या गावची. नव्वदच्या सुमारास ती नारायणगावला सावळेरामच्या तमाशा फडात गेली. पाडव्याला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला येतात. सावळेरामला पहिला प्रश्न असे, "सोनी हाय ना?" आमच्या गावचे मात्र त्या राहुटीवरून खाली बघत पुढं जात. गावच्या लेकीचा नाच गावानं बघायचा नाही, असा रिवाज. शेजारच्या जत्रेत हीच माणसं टेम्पो भरून जात आणि तिच्यावर टोप्या उडवत. तिथं ती लेक नसे.

तिला एकच आस होती. आईनं, साळुबाईनं, आपल्याला एकदा नाचताना बघावं. साळुबाई परगावच्या जत्रेला जाणारी नव्हती. "गावात आलीस की बघीन," म्हणायची.

१९९८ला दुसरा फड मोकळा नव्हता, म्हणून भिमाजी नाइलाजानं सावळेरामकडं आले. "सोनीला उभी करायची न्हाई. लेकीवर शिट्ट्या कशा मारायच्या?"

"नका मारू."

"मंग राव, त्याला तमाशा कशाला म्हनायचा?"

जत्रेत रात्रीच्या तमाशाच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी हजेरीचा, म्हणजे दिवसाचा, खेळ लागला. साळुबाई बायकांत अगदी पुढं येऊन बसली. अटीचं तिला सांगायचा धीर सोनीबाईला झाला नव्हता. समोर नवी पोरगी लावणीला उभी राहिली, आणि सोनीबाईनं पडद्यामागं पायात चाळ बांधले. सावळेरामनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. पुढं पोरगी नाचली, मागं सोनीबाई.

संध्याकाळी साळुबाई भाकरी थापत म्हणाली, "पोरगी बरी नाचली. पर घुंगरं तिच्या पायापरीस लई वाजत व्हती."

"आये, मागं मी व्हते."

साळुबाईनं भाकरी उलटली. "मंग फुडल्या साली बघीन."

पुढल्या जत्रेच्या आधीच ती गेली.

सत्काराच्या शेवटी भिमाजींनी आग्रह धरला, "सोनीबाई, एक गिरकी व्हऊ द्या! आता कोन नाव ठेवतंय?"

सोनीबाईनं बायकांच्या पुढच्या रांगेकडं एकदा पाहिलं. मग नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली.