फ्रीजरमधला लायनर

मंडळी, आज सासऱ्यांनी मला रंगेहाथ पकडलं. तेही ट्रॅक्टरच्या इंजिनमुळे!

गावच्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन सध्या रबाळ्याला, माझ्या दिराच्या वर्कशॉपमध्ये उघडून पडलंय. पिस्टन ज्यात वरखाली होतो ती लोखंडी नळी, म्हणजे लायनर, नवीन आणला. गार केला की तो जरा आक्रसतो आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये अलगद बसतो. म्हणून सासऱ्यांनी काल तो पेपरात गुंडाळून आमच्या फ्रीजरमध्ये ठेवला.

इंजिनासाठी गावाहून आलेले सासरे माळकरी. ते इथे असेपर्यंत घरात मासे बंद. पण मी पडले मालवणची! जवळच्या दिवाळे गावातल्या कोळणीकडून बांगडे घेतले, तस्सेच पेपरात गुंडाळले आणि लायनरशेजारी लपवले. कोणाला कळणार?

सकाळी सासरे घाईघाईत पुडकं घेऊन गेले. तासाभरात फोन.

"सूनबाई, ह्या लायनरला डोळे हायेत गं."

मागे अख्खं वर्कशॉप खिदळत होतं. मी फ्रीजर उघडून पाहिला, तर लायनर जागच्या जागी!

"खरा लायनर घिऊन रिक्षानं ये," ते म्हणाले. "तुझं हे बर्फात ठिवलंय. फकस्त तळताना मला फिरायला धाड."

आता तुम्हीच सांगा, बांगड्याचा वास किती लांबपर्यंत जातो?