आतल्या खोलीतली सिगडी

बाबा घुग्घुसच्या कोळसा खदानीत होते. पाळी संपवून आले की आई दारातच त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं छातीतली धूळ उतरते, यावर आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीचा विश्वास. मी हात पुढे केला की आई म्हणायची, "तुया छातीत काय कोळसा हाये?" आणि डबा फळीवर चढायचा.

कामगारांना जाळायला कोळसा मिळायचा, म्हणून घरोघरी सिगड्या. त्या अंगणात पेटवायच्या आणि धूर संपून निखारा लाल झाला की आत घ्यायच्या, ही रीत. संध्याकाळी समोरचं क्वार्टर दिसेनासं होई. पण त्या धुराला कोणी मोजत नव्हतं. वाईट म्हणजे खदानीची धूळ, बस.

एका हिवाळ्यात बाबांना खोकला धरला. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, अंगणातला धूर थेट तिथं. युक्ती मीच आईला सुचवली, मोठ्या तोऱ्यात: सिगडी मागच्या खोलीत पेटव आणि मधलं दार लावून घे. बाबांचा खोकला खरंच कमी झाला. आठ-दहा दिवस मी सगळ्यांना ते सांगत फिरले. पुढं तीच आमच्या घरची रीत झाली.

दोन वर्षांनी आई नळावरून पाणी आणताना वाटेत घागर खाली ठेवू लागली. अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणाले. मीसुद्धा.

बाबांना दाखवायला चंद्रपूरला गेलो. डॉक्टरांनी बाबांना तपासलं, आणि मग बाकावर बसलेल्या आईचा श्वास ऐकून नळी तिच्या पाठीला लावली.

"बाई, खदानीत किती वर्षं झाली?"

आई हसली. "मी कुठी जातो? खदानीत तं हे जातेत."

"मग घरी सिगडी कुठं पेटवता?"

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "अंगणात," ती म्हणाली.

मी खोटं खोडलं नाही. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. बाबांनीच खाली बघत सांगितलं, "नाई डॉक्टरसाहेब, आत पेटवते. माह्यासाठी."

दुसऱ्या दिवसापासून सिगडी अंगणात आली. दम लागणं मात्र आईजवळच राहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी फळीवरचा डबा काढून गुळाचा खडा आईच्या हातावर ठेवला. तिनं तो मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. मी तो परत तिच्याच हातावर ठेवला.