फायरप्लेसमधले देव

अक्काचे देव फायरप्लेसमध्ये राहायचे. बंगळूरच्या जुन्या वस्तीतला तो दगडी बंगला तिच्या यजमानांच्या, म्हणजे अण्णांच्या, आजोबांनी एका इंग्रजाकडून घेतलेला. जाळ करून बसायची सवय कुणालाच नव्हती, तेव्हा घरातल्या बायकांनी दिवाणखान्यातल्या त्या कोनाड्यात देव मांडले. अक्का रोज सकाळी समोर पाट घेऊन बसायची आणि शेजाऱ्यांशी बोलावं तसं देवांशी बोलायची. "आज दूधवाला आला नाही. स्वल्प थांबा, नैवेद्याला उशीर आहे."

अक्का माझी सख्खी मावशी. लग्न होऊन पुण्याहून इथे आली आणि सासरच्या पिढीजात बंगळूरकर मराठी माणसांनी तिला अक्का करून टाकलं; 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे बरं, असे कानडी शब्दही तिच्या बोलण्यात आले. पुढे नोकरीसाठी मीही याच शहरात आलो, पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला घर केलं, आणि महिनोन्‌महिने तिच्याकडे फिरकलो नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. गेलो की एवढंच, "वाट सापडली का रे? सरी, आधी जेव."

अण्णांना अर्धांगवायू झाल्यावर मात्र मी जाऊ लागलो. उंच छताच्या त्या दिवाणखान्यात त्यांची खाट होती. डिसेंबरात त्यांचे पाय गार पडत. विजेच्या हीटरने घसा सुकायचा आणि धुराला डॉक्टरांची बंदी होती. मग मला कळलं की जुन्या फायरप्लेसमध्ये बसवायची, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी मिळते. तिला इन्सर्ट म्हणतात. लाकूड बंद दाराआड जळतं, धूर पोलादी नळीतून धुराड्यावाटे वर जातो. पण देव हलवावे लागतील, हे अक्काला सांगायचा मला धीर होईना. तिनेच माझ्या फोनवरचे फोटो बघितले आणि म्हणाली, "देव काय, फडताळातही बसतील. ह्यांना दुसरे पाय कुठून आणू?"

दुकानदाराचं म्हणणं, लहान इन्सर्ट पुरेल. मोठ्यात जाळ मंद ठेवावा लागेल आणि काच काजळेल. अक्कालाही ते पटलं. "मोठ्या पातेल्यात वाटीभर दूध करपतं रे," ती म्हणाली. मी तरीही सर्वांत मोठा घेतला. इतकी वर्षं क्वचितच आल्याची भरपाई मला लोखंडात करायची होती, असं आज वाटतं.

माप मीच घेतलं. रुंदी आणि उंची घेतली. आतलं माप घ्यायला देवांच्या मागे हात घालावा लागणार होता, आणि मी ऑफिसातून तसाच आलो होतो. अंदाजानेच आकडा लिहून दिला.

इन्सर्ट आला त्या सकाळी अक्काने अक्षता वाहून देव स्वयंपाकघरात नेले. मिस्त्रींनी पेटी आत सरकवली. निम्मी गेली आणि अडली. मागची भिंत वर जाताना पुढे झुकलेली होती. देवांमागची ती भिंत आमच्यापैकी कुणी पाहिलेलीच नव्हती.

"आतलं माप घेतलं नव्हतंस?" अक्काने विचारलं.

"देवांना हात कसा लावणार? अंघोळ झाली नव्हती, अक्का."

"मग बाथरूम काय के. आर. पुरमला होतं?"

मराठी न कळूनही मिस्त्री हसले. मला मात्र दोन रजयांखाली कुडकुडणारे अण्णा दिसत होते. हा हिवाळाच त्यांच्या हाती होता, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना आधीच सांगितलं होतं.

"तोंड पाडून शेगडी बसणार आहे का? टेप घे आणि आत शीर," अक्का म्हणाली. मी खांद्यांपर्यंत आत शिरलो आणि तिने टॉर्च धरला. लहान इन्सर्टची मागणी गेली. तो येईपर्यंत ती रोज अण्णांचे तळवे मांडीवर घेऊन चोळत बसायची. मला ते बघवत नसे.

अण्णा त्याच उन्हाळ्यात गेले, अक्का गेल्या वर्षी. तिची आठवण निघाली की मला संक्रांतीच्या सुमाराची ती संध्याकाळ दिसते. सिल्व्हर ओकची सुकी लाकडं काचेआड नीट पेटली होती. खोलीत धुराचा वासही नव्हता. बऱ्याच वेळाने अण्णांनी चांगल्या हाताने पायांवरची शाल ढकलली. अक्काने ती पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा ढकलली आणि जड जिभेने म्हणाले, "उकडतंय."

"ऐकलंस? झाली तक्रार सुरू," अक्का मला म्हणाली आणि शालीची घडी घालू लागली. घडी काही जमेना. तिने ती उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली.